हात काढ, कान ठेव

मी एक कान बोलतोय. कान कधी बोलतो का, असं म्हणाल तर म्हणा. आयुष्यभर ऐकलंच आहे, आज जरा बोलून घेतो.

नर्सबाया मला फिटोस्कोप म्हणतात. वीतभर लांबीची ॲल्युमिनियमची नळी, एका टोकाला कर्ण्यासारखं रुंद तोंड, दुसऱ्या टोकाला मधोमध भोक असलेली चपटी चकती. रुंद तोंड गरोदर बाईच्या पोटावर ठेवायचं, चकतीला आपला कान लावायचा, आणि आतल्या बाळाच्या काळजाचे ठोके मोजायचे. एवढंच माझं काम. मला बॅटरी लागत नाही, बटण नाही, दिवा नाही. डोळे तर नाहीतच. तेव्हा या गोष्टीत कोण गोरं, कोण सावळं, कोणाची साडी कुठल्या रंगाची, असलं काही विचारू नका. मी जे सांगतो ते सगळं ऐकलेलं.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. नुसता खणखणाट होता. मी खरा जन्मलो तो अमरावतीत, नर्सिंगच्या शाळेत, पार्बताबाईंच्या हातात. पार्बताबाई तिथं मुलींना शिकवायच्या. आवाज असा की तीन खोल्यांपलीकडची मुलगीही ताठ उभी राही. मी त्यांचा स्वतःचा. शाळेच्या कपाटातले दुसरे फिटोस्कोप त्यांना पसंत नव्हते.

त्या वर्षी पौर्णिमा नावाची मुलगी शिकायला आली. वडील शेतमजूर, घरातली पहिली शिकणारी. पहिल्यांदा तिनं मला एका बाईच्या पोटावर ठेवलं तेव्हा इतकं घट्ट धरलं की मला तिच्याच बोटांची घासाघास ऐकू येत होती.

"काही ऐकू येऊन नाही राह्यलं, मॅडम."

"येईन कसं? हात काढ! कान ठेव अन् हात काढ. कानानंच धरून ठेवायचं त्याले. अन् मोकळा झालेला हात आईच्या मनगटावर, नाडीवर. नाहीतर मायचे ठोके मोजशीन अन् लेकराचे म्हणून लिहिशीन."

पौर्णिमेनं हात काढला. मी तिच्या कानाच्या आणि त्या पोटाच्या मधे नुसता टेकून राहिलो.

"आता उशीखालचं घड्याळ आठव," पार्बताबाई हळू आवाजात म्हणाल्या. त्यांचा हळू आवाज मी तेवढाच ऐकला.

आणि आलं ते. टिकटिक, टिकटिक, टिकटिक. लांबून, खोलातून, भरभर. अजून नाव नाही, उजेड पाहिलेला नाही, श्वाससुद्धा घेतलेला नाही, आणि काळीज मात्र कामाला लागलेलं! पौर्णिमा मोजायचं विसरली. "अवं माय," एवढंच म्हणाली. मी त्याआधी शेकडो ठोके ऐकले होते, पण खरं सांगतो, त्या पोरीच्या कानातून ऐकताना मीही पहिल्यांदाच ऐकत होतो. अजूनही प्रत्येक वेळी तसंच होतं. सवय म्हणून होतच नाही या गोष्टीची.

शिक्षण संपलं त्या दिवशी पार्बताबाईंनी मला तिच्या हातात ठेवलं. "घे. कपाटात ठेवजो नको."

पौर्णिमेला धारणीकडच्या एका गावात, आरोग्य उपकेंद्रात करारावर नोकरी लागली. पाच वर्षं आम्ही दोघांनी तो मुलूख पालथा घातला. जीप, बैलगाडी, पायवाट. मी तिच्या खांद्यावरच्या पिशवीत. झोपडीत, ओसरीवर, एकदा तर झाडाखाली खाटेवर, जिथं बाई असेल तिथं ती गुडघे टेकायची, मला ठेवायची, हात काढायची. सगळं गाव तिला 'नर्सबाई' म्हणायचं, आणि ती बोलली की गावाचा विश्वास बसायचा.

मग लग्न झालं. नागसेन रेल्वेत, मूर्तिजापूरला. माणूस भला, बोलायला कमी. घरात सासू इंदूबाई, बोलायला जास्त. सुट्टी घेऊन पौर्णिमा सासरी आली ती पोटात बाळ घेऊन. एका दुपारी तिनं मला स्वतःच्या पोटावर ठेवलं आणि मग तिच्या लक्षात आलं की स्वतःचा कान स्वतःच्या पोटापर्यंत पोचत नाही! इतक्या बायांची बाळं ऐकणारी बाई, स्वतःचं बाळ ऐकायला दुसऱ्याचा कान लागतो. ती एकटीच हसत बसली, मग सासूला हाक मारली.

इंदूबाईंनी कुरकुर करत कान लावला. कुरकुर मधेच थांबली.

"बापा बापा," त्या म्हणाल्या, "घोडा धावून राह्यला वो आतमधी!"

तो घोडा म्हणजे पिंकी. पिंकी वेळेआधी जन्मली, अशक्त, वरचेवर आजारी. सुट्टी वाढली, कराराची मुदत संपली. परत जायचा विचार चालू होता तोवर इंदूबाईंना लकवा मारला. अर्धं अंग गेलं, बोलणंही गेलं. ज्या बाईचं तोंड मिटत नव्हतं ती मुकी झाली. पौर्णिमा मग कुठली जाते? एक वर्ष, दोन वर्षं म्हणता म्हणता बारा वर्षं गेली.

आणि मी? सांगायला लाज वाटते, पण सांगतो. मी नरसाळं झालो.

किराणा आला की तेलाच्या पिशवीतून डब्यात तेल ओतायला घरात काही नव्हतं. कुणाच्या तरी हाताला मी लागलो. माझी चकती डब्याच्या तोंडावर अशी पक्की बसली की पुढं दुसरं नरसाळं कुणी आणलंच नाही. ज्या नळीतून काळजाचे ठोके जायचे तिच्यातून शेंगदाण्याचं तेल, कधी फिनाईलसुद्धा. पिंकी थोडी मोठी झाली तेव्हा माझ्यातून भोंगा वाजवायची. उरलेला वेळ मी डब्यांच्या मागे पालथा. रेल्वेगाड्यांचे आवाज ऐकायचो. शकुंतला म्हणजे इथली छोट्या रुळांची जुनी गाडी, तिची शिटी बंद झाली तेही मला तिथंच कळलं.

पण तेवढ्या वेळात मी आणखीही काही ऐकलं. रोज सकाळी, रोज संध्याकाळी, पलंगाची कुरकुर. पौर्णिमा सासूला कुशीवर वळवायची, तेल लावायची, बोटं एकेक करून उघडायची. "दाबा आत्या माझा हात. दाबा. थोडं आणखी." दीड वर्षानं इंदूबाईंचा पहिला शब्द फुटला. तो शब्द होता 'बस'. दोघी हसून हसून रडल्या. मग काठी टेकल्याचा आवाज, मग काठीशिवाय पाय ओढल्याचा, आणि शेवटी पहिल्यासारखी बडबड. मी स्वयंपाकघरातून ऐकत होतो आणि थक्क होत होतो.

पिंकी बारा वर्षांची झाली तेव्हा नर्सच्या करारी जागांची जाहिरात निघाली. ती घरी आणली इंदूबाईंनीच, शेजारच्या पोराकडून वाचून घेऊन.

"मी? आता?" पौर्णिमा म्हणाली. "सगळं विसरली मी, आत्या. अन् तुमचं कोण करंन?"

"मायं काय करायचं राह्यलं आता? मी चालतो, बोलतो, भांडतोही."

नागसेन एवढंच म्हणाला, "जाय तू. भाजी मले येते."

मुलाखत अमरावतीला झाली. पौर्णिमेनं जाताना मला डब्यामागून काढलं, राखेनं घासलं, गरम पाण्यानं धुतलं आणि पर्समध्ये ठेवलं. नोकरीसाठी नव्हे, धीर यावा म्हणून असावं. टेबलापलीकडून प्रश्न आला, "बारा वर्षं काय करत होतात तुम्ही?"

"काही नाही सर. घरीच होती."

हे घरी कळलं तेव्हा इंदूबाई ज्या पेटल्या! "काही नाही? मले मसणातून वापस आणली ते काही नाही? या पोट्टीले जगवली ते काही नाही? तोंड नोतं काय तुले?"

पण जागा मिळाली. जिथं कुणी जायला मागत नाही तिथलीच मिळाली, धारणीकडची. अकरा महिन्यांचा करार, आणि दोन महिन्यांनी डॉक्टर तिच्या कामाबद्दल वर लिहून देणार. काम जमत नाही असं लिहिलं, की परत मूर्तिजापूर आणि परत तेलाचा डबा. तिचाही आणि माझाही.

उपकेंद्रात आता गीतांजली होती. पंचविशीची, अकोल्याची, हुशार, चटपटीत. मोबाईलमध्ये सगळी माहिती भरायची, आणि तिच्याकडे एक यंत्र होतं. पोटावर टेकवलं की बाळाचे ठोके मोठ्यानं वाजायचे, साऱ्या खोलीला ऐकू जायचे. मी पहिल्यांदा ते ऐकलं आणि खरं सांगू, मला राग आला नाही. इतकं सोपं झालं, असं वाटलं. थोडं वाईटही वाटलं.

"काकू, हा भोंगा कशाले आणला?" गीतांजली हसली. "हा तर आमी फक्त परीक्षेत पाह्यला."

पहिल्याच तपासणीच्या दिवशी बायांची रांग लागली. यंत्र एक, म्हणून पौर्णिमेनं दुसऱ्या खाटेवर मला काढलं. आणि घाबरली. मला घट्ट धरलं, बारा वर्षांपूर्वीचं सगळं विसरून. हात काढला नाही, मनगटावर ठेवला नाही. धप्... धप्... धप्. संथ आवाज. मी ओळखला. तो आईचा होता! मी काय करणार, मी नळी. ओरडता आलं असतं तर ओरडलो असतो.

"ब्याऐंशी," पौर्णिमा पुटपुटली. मग आवाज चढला, "गाडी बोलवा! बाळाचे ठोके कमी होऊन राह्यले!"

गाडी आली, बाई गेली, आम्हीही गेलो. मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी तपासलं. "बाळ ठणठणीत आहे. एकशे छत्तीस. तुम्ही आईची नाडी मोजलीत, सिस्टर." मग म्हणाले, "इथं गाडी एकच आहे. एकदा झालं, ठीक आहे. पुन्हा नको. मला तुमच्याबद्दल लिहायचंय."

परत आल्यावर तिनं मला कागदात गुंडाळून टेबलाच्या खणात टाकलं. त्यानंतर ती फक्त यंत्र वापरायची, तेही गीतांजलीला विचारून. फोनवर पिंकीला सांगायची, "हो गं, चांगलं चालू आहे." मी खणात ऐकायचो. चांगलं काही चालू नव्हतं.

मग होळी आली. कामासाठी बाहेर गेलेली इथली कोरकू आदिवासी माणसं होळीला घरी येतात, तशी फुलवंती आली. पहिलटकरीण, भरत आलेले दिवस, आणि आजवर एकही तपासणी नाही. सोबत तिची सासू. गीतांजलीनं यंत्र लावलं. डावीकडं, खाली. टकटकटक. "एकशे चाळीसच्या वर. मस्त आहे बाळ."

"बस?" फुलवंतीची सासू म्हणाली. "तो घर जाते हैं. घरच में करेंगे."

"थांबा," पौर्णिमा म्हणाली. "जरा पोट पाहू द्या."

बांगड्यांच्या किणकिणीवरून मला कळत होतं, ती पोट चाचपत होती. बराच वेळ. एरवी नर्सचे हात भराभर फिरतात, हिचे अगदी सावकाश.

"काय झालं काकू?"

"डोकं इथं कुशीत लागते. पण वरतही काहीतरी गोल लागून राह्यलं. अन् हातपाय लय झाले एका लेकराचे."

"पोट मोठं हाये, म्हणून वाटते."

पौर्णिमेच्या श्वासाचा आवाज मला खणात ऐकू येत होता. तिला काय वाटत होतं ते मला पाठ होतं. पुन्हा चुकली तर डॉक्टर काय लिहितील ते ठरलेलं. आणि गप्प बसली तर फुलवंती घरी जाणार, डोंगरातल्या घरी, जिथून जीप मिळायला अर्धा दिवस जातो.

खण उघडला. कागद फाटला.

माझी कड थंड होती. तिनं ती आधी तळहातावर चोळून ऊन केली. वर, उजवीकडं ठेवलं. कान लावला. आणि हात काढला.

हात काढला! दुसरा हात फुलवंतीच्या मनगटावर गेला. मी पुन्हा कानाच्या आणि पोटाच्या मधे नुसता टेकून होतो. आधी आतड्यांची गुडगुड, मग आईचं संथ धप धप, ते तिनं बाजूला सारलं. आणि त्याच्या मागून, खोलातून, उशीखालचं घड्याळ.

टिकटिक, टिकटिक. पण यंत्रातल्या ठोक्यांपेक्षा जरा सावकाश.

"एकशे पंचवीसच्या आसपास," ती म्हणाली. "आईची नाडी चौऱ्याऐंशी. म्हणजे हे आईचं नाही."

"तेच बाळ असंन काकू. ठोके कमीजास्त होतच राह्यते."

"होते. म्हणूनच दोघींनी एकाच टायमाले मोजायचं. तू खाली, मी वरत. एकच मिनिट. दहाच्या वर फरक आला तर दोन जीव. आमच्या पार्बताबाई सांगायच्या." तिचा आवाज जरा कापला. "गीतांजली, मले तुया कान पाह्यजे. एकटीच्यानं हे होत नाही."

गीतांजली खाटेजवळ सरकली. मग म्हणाली, "यंत्राचा आवाज मोठा हाये, तुमाले ऐकू येणार नाही. थांबा." तिनं मोबाईलचे इअरफोन काढले आणि यंत्राला लावले. मोबाईलवर एका मिनिटाचा गजर लावून तो फुलवंतीच्या हातात दिला. "तू सुरू कर. बोटानं दाब इथं. अन् आकडे आपण कागदावर लिहू, काकू. आधी बोलायचं नाही."

बघा, पोरगी हुशारच होती.

फुलवंतीनं दाबलं.

ते मिनिट मी कसं सांगू? मी हजारो मिनिटं ऐकली आहेत. त्या एका मिनिटात खोलीत दोन बाया वाकलेल्या, दोघींचे श्वास रोखलेले, तिसरी हातात वेळ धरून पडलेली, आणि दारात सासू, तिच्याही बांगड्या गप्प. माझ्यातून एक काळीज जात होतं. मला तेवढं एकच ऐकू येत होतं. खाली दुसरं आहे की नाही, हे मला कळायला मार्ग नव्हता. मीही बाकीच्यांसारखाच वाट पाहत होतो. आतल्या त्या चिमुकल्या जिवाला काय ठाऊक, की बाहेर एका बाईचं सगळं आयुष्य त्याच्यावर टेकलं आहे. ते आपलं धावत होतं.

गजर वाजला. दोन पेनांची खरखर झाली.

"सांगा काकू."

"एकशे चोवीस."

गीतांजलीनं कागद पुढं सरकवला. "माये एकशे त्रेचाळीस."

एकोणीसचा फरक.

"दो हैं?" फुलवंतीनं विचारलं.

"दोन हाये गं बाई, दोन!" पौर्णिमा म्हणाली, आणि तिचा आवाज पंचवीस वर्षांच्या मुलीसारखा झाला. "दोन घोडे धावून राह्यले आतमधी!"

फोनवर डॉक्टर सावध होते. "सिस्टर, मागच्यासारखं नाही ना?"

"नाही सर. आईची नाडी धरून मोजलं. दोन वेगळे आहेत, आणि खालचं बाळ आडवं लागतंय." या वेळी आवाज कापला नाही. तेवढ्यात गीतांजलीनं फोन घेतला. "सर, मीपण मोजलं. काकू बरोबर आहेत. गाडी पाठवा."

गाडी आली. पुढचं मी ऐकलं ते फोनवरूनच. जुळं होतं. खालचं बाळ आडवंच होतं, ऑपरेशन करावं लागलं. घरी राहिली असती तर तिघंही गेली असती, असं डॉक्टर म्हणाले. मग म्हणाले, "अशा वेळी घाई होते माणसाची. तुम्हाला पोटातलं इतकं नीट हाताला कसं लागलं, सिस्टर?"

"बारा वर्षं घरी होते सर, लकव्यातल्या सासूबाईंना उठवत-वळवत होते," पौर्णिमा म्हणाली. "नोकरी सुटली होती. हात चालूच होते."

मुलाखतीतल्या प्रश्नाचं उत्तर तिला इतक्या उशिरा सापडलं. डॉक्टरांनी काय लिहिलं ते मला वाचता येत नाही, पण अकरा महिने संपून करार वाढला आणि आम्ही अजून इथंच आहोत.

महिन्याभरानं फुलवंती दोघींना घेऊन आली होती. दोन मुली. एक रडायला लागली की दुसरी लागते. मी टेबलावरून ऐकत होतो आणि त्यातली माझी कोणती, ते ओळखायचा प्रयत्न करत होतो. नाही ओळखता आलं. बाहेर आल्यावर सगळ्या सारख्याच ओरडतात.

आता मी खणात नसतो. यंत्रही आहे, मीही आहे. माझ्या नळीत तेलाचा वास अजून आहे, बाया म्हणतात. असू द्या. माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे. आज घरी गेलात की स्वयंपाकघरात डब्यांच्या मागे हात घाला. तिथं जे नरसाळं म्हणून पडलं असेल ते एकदा कानाला लावून पाहा. आणि ते रोज वापरणाऱ्या बाईला विचारा, आधी तू काय करत होतीस?

आज गीतांजली म्हणाली, "काकू, आज मले द्या तो. यंत्र राहू द्या." नवी बाई झोपली आहे खाटेवर. माझी कड कुणीतरी तळहातावर ऊन करतंय. हा हात नवा आहे, घाबरलेला आहे, मला घट्ट धरून बसलाय.

"हात काढ," पौर्णिमा म्हणतेय. "कान ठेव अन् हात काढ, पोरी."

काढला. आता मी बोलणं बंद करतो. तुम्हीही जरा गप बसा, आतून काहीतरी येऊन राह्यलं.